कुऱ्हाडीचा नवा दांडा : जुन्या अवजाराचे जुनेपण कशात असते?

#थ्रेड

१/
‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ.’ मराठीत ही म्हण फितुरीसाठी वापरतात. लोखंडाचे पाते एकटे झाडाचे काही बिघडवू शकत नाही. झाडाच्याच गोतातला दांडा त्याला मिळाला की घाव बसतो. म्हणीने दांड्याला कायमचे बदनाम केले, पण एक गोष्ट तिने अचूक हेरली : अवजार पुरे होते ते दांड्याने. इतिहासाची पुस्तके आणि संग्रहालये यांनी ही गोष्ट तेवढीशी मनावर घेतलेली नाही.

२/
भंगारवाल्याकडून गंजलेली कुऱ्हाड, वाकस किंवा पटाशी आणायची, गंज उतरवायचा, नवा दांडा बसवायचा आणि ती पुन्हा कामाला लावायची, अशा चित्रफिती आज लाखो लोक आवडीने पाहतात. त्यांच्याखाली एक वाद हमखास रंगतो. एक पक्ष म्हणतो, दांडा नवा घातला म्हणजे वस्तू अस्सल राहिलीच नाही. दुसऱ्या पक्षाला अस्सलपणाशी कर्तव्य नसते. त्याला दिवाणखान्याच्या भिंतीवर चकाकणारी वस्तू हवी असते. हे दोन्ही पक्ष चुकतात, असे या थ्रेडचे म्हणणे आहे. नवा दांडा घातलेली जुनी कुऱ्हाड हाच या अवजाराचा खरा ऐतिहासिक अवतार आहे. मात्र तो दांडा कोणत्या लाकडाचा, कोणी घडवलेला आणि कसा बसवलेला, याला इतिहासात मोल आहे.

३/
उदाहरणासाठी एक भूभाग घेऊ. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूर तालुक्यात सोनाळा हे गाव आहे. संत सोनाजी महाराजांमुळे त्याचे नाव परिसरात सर्वतोमुखी आहे. वरच्या अंगाला अंबाबरव्याचे डोंगर, खालच्या अंगाला पूर्णेच्या खोऱ्यातली काळी कपाशीची जमीन. अवजारांचा इतिहास समजून घेण्यास अशी जागा फार सोयीची असते. लोखंड बाजारपेठेकडून वर येते, लाकूड डोंगराकडून खाली येते आणि दोहोंची गाठ पायथ्याच्या गावात पडते.

४/
आधी थोडे मागे जाऊ. अहिल्यानगर जिल्ह्यातील जोर्वे येथे १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले आणि एका संपूर्ण ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला या गावाचे नाव मिळाले. तिथल्या तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी प्रसिद्ध आहेत. त्यांना नेढे नाही, म्हणजे दांडा ओवण्याचे छिद्र नाही. मग त्या धरत कशा असत? लाकूड चिरून त्याच्या फटीत पाते बसवीत, की कोपरासारख्या वाकड्या फांदीला ते वादीने बांधीत? उत्तर देऊ शकणारी वस्तू तीन हजार वर्षांपूर्वीच मातीत विरून गेली.

५/
विदर्भातील महापाषाणीय दफनांत याहून बोलका पुरावा मिळतो. नागपूरजवळील माहूरझरी आणि नायकुंड येथील शिलावर्तुळांत लोखंडाच्या चपट्या कुऱ्हाडी सापडल्या. त्यांपैकी काहींवर फुलीसारख्या आडव्यातिडव्या लोखंडी पट्ट्या आहेत. पाते दांड्याला घट्ट जखडण्यासाठी केलेली ही योजना. नायकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीही उजेडात आली. तिचा काळ इसवी सनपूर्व ७०० च्या आसपासचा मानला जातो. म्हणजे पावणेतीन हजार वर्षांपूर्वीच्या विदर्भातल्या लोहाराला छळणारा प्रश्न आजच्या शेतकऱ्याला छळतो तोच होता : घाव घालताना पाते निसटू नये. पट्टी टिकली. जिच्यासाठी ती घडवली, ते लाकूड गेले.

६/
लाकूड टिकले असते तर काय कळले असते, याचा अंदाज युरोपात येतो. १९९१ मध्ये आल्प्स पर्वतातील बर्फात सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या एका माणसाचा मृतदेह सापडला. त्याला ‘ओट्झी’ म्हणतात. त्याच्याजवळची तांब्याची कुऱ्हाड दांड्यासकट शाबूत होती. दांडा यू नावाच्या वृक्षाचा, सुमारे ६० सेंटीमीटर लांबीचा. पाते भूर्जाच्या डिंकासारख्या राळेने चिकटवलेले आणि वर चामड्याच्या वादीने आवळलेले. एका दांड्याने लाकडाची निवड, चिकटद्रव्य, चामडे आणि बांधणी अशा चार विद्यांची साक्ष दिली. नुसते पाते सापडले असते, तर तांबे कुठले एवढीच चर्चा झाली असती.

७/
शाळेत शिकवली जाणारी ‘पाषाणयुग, कांस्ययुग, लोहयुग’ ही विभागणी मुळात संग्रहालयाच्या कपाटांची मांडणी होती. कोपनहेगनच्या संग्रहालयातील क्रिस्तियान थॉमसेन यांनी वस्तू लावण्यासाठी ती वापरली आणि १८३६ मध्ये ती छापून आली. जे कुजत नाही, त्याचे नाव युगाला मिळाले. ‘लाकूडयुग’ कुणी म्हटले नाही. वास्तविक तिन्ही युगांत माणसाच्या तळहाताला लागत होते ते बहुधा लाकूडच.

८/
आता गावाकडे वळू. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ चा. बारा बलुतेदारांची व्यवस्था समजून घेऊ पाहणारा प्रत्येक विद्यार्थी या ग्रंथाशी येतोच. बलुत्याच्या बहुतेक याद्यांत सुतार आणि लोहार थोरल्या ओळीत असतात, कारण शेती त्यांच्यावाचून अडते. येथे एक बारीक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. शेतकरी बलुते देई ते नव्या अवजाराची किंमत म्हणून नव्हे. वर्षभराची डागडुजी, फाळाला धार, मोडलेल्या दांड्याच्या जागी नवा दांडा, सैल झालेली पाचर, यांचे ते वार्षिक मोल होते. दुरुस्ती हा व्यवस्थेचा कणा होता आणि नवे अवजार हा प्रसंग.

९/
वऱ्हाडात या कारागिरांची नावेही निराळी. सुतार तो ‘वाढई’. लाकूड आणि लोखंड या दोन्ही कामांशी जोडलेले ‘खाती’ हे नावही या भागात ऐकू येते. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या जातिजमातींवरील ग्रंथात लोहारांच्या नोंदीपाशी खाती आणि घिसाडी ही नावे येतात. घिसाडी हे फिरस्ते लोहार. गावाबाहेर पाल ठोकायचे, भाता लावायचा, ऐरण रोवायची आणि बायकोने घण मारायचा, पुरुषाने सांडशीने लोखंड फिरवायचे. विळा, खुरपे, कुऱ्हाडीचे पाते त्यांच्याकडून घ्यावे. दांड्याची तजवीज मात्र घेणाऱ्याने करावी. एकाच अवजाराचे दोन जन्म, दोन ठिकाणी, दोन हातांनी.

१०/
म्हणून ‘मूळ दांडा’ ही कल्पनाच या अवजारांना लागू पडत नाही. पाते घेतले त्या दिवशी त्याला दांडा नव्हता. पुढे दहा-वीस वर्षांत तीन-चार दांडे झाले असतील. धार झिजत झिजत पाते निम्म्यावर आले की लोहाराकडे नेऊन पुढे पोलादाचा तुकडा जोडून घेत. मऊ लोखंडाच्या अंगाला पोलादी धार जोडायची, भट्टीत लाल करायची, पाणी द्यायचे. म्हणजे पातेही पुरते ‘मूळ’ उरत नसे.

११/
ग्रीकांच्या थिसियसच्या जहाजाची गोष्ट अशा वेळी सांगितली जाते. फळी फळी बदलत गेल्यावर जहाज तेच राहते का? पण एवढे लांब जाण्याचे कारण नाही. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो : ईस म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ? चाके म्हणजे रथ? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. सुट्या भागांत रथ सापडत नाही. त्यांच्या जुळणीला आपण रथ म्हणतो. कुऱ्हाडीचेही तेच. नेढ्यात दांडा घट्ट बसला आणि घाव पडला, की कुऱ्हाड.

१२/
जतनशास्त्रानेही हा मुद्दा उशिरा का होईना मान्य केला. १९६४ ची व्हेनिस सनद दगडी वास्तूंचा युरोपीय अनुभव समोर ठेवून लिहिली गेली. मूळ द्रव्य जपण्यावर तिचा भर. जपानमध्ये लाकडी मंदिरांचे भाग वेळोवेळी बदलतात, आणि इसे येथील देवस्थान तर दर २० वर्षांनी नव्याने बांधतात. मग ते प्राचीन नाही म्हणायचे? १९९४ च्या नारा दस्तऐवजाने सांगितले की अस्सलपणा ठरवताना द्रव्याबरोबर उपयोग, परंपरा आणि कारागिरीचे तंत्र यांचाही विचार करावा, आणि तो त्या त्या संस्कृतीच्या चौकटीत करावा. इस्याच्या देवळाला जो न्याय, तो सोनाळ्याच्या कुऱ्हाडीला का नको?

१३/
इथवर पहिल्या पक्षाला उत्तर झाले. आता चकाकीवाल्यांकडे.

१४/
त्यांची पहिली चूक लाकडात होते. जुन्या पात्याला सागाचा किंवा शिसवीचा गुळगुळीत दांडा घालून वर वार्निश चढवले जाते. साग देखणा, वाळवीला दाद न देणारा, कापायला सोपा. दारे-खिडक्यांसाठी त्याला तोड नाही. पण वारंवार बसणारा धक्का सोसण्याचा गुण त्याच्यात कमी. घाव घालता घालता तो चिरतो. म्हणून जाणता वाढई कुऱ्हाडीला साग घालत नसे. सातपुड्याच्या अंगाला त्यासाठी धामण, धावडा, तिवस ही झाडे होती. धामणीचे लाकूड लवचीक. धक्का मनगटापर्यंत पोहोचू देत नाही. धावडा चिवट, गाडीच्या आसालाही तो चाले. तिवस शेतीच्या अवजारांसाठी नावाजलेला. खाली मैदानात यांतले काही नाही, तिथे धुऱ्यावरची बाभूळ. वखर, तिफण, गाडीचे चाक, कुदळीचा दांडा, सगळ्याला बाभूळ पुरी पडे.

१५/
याचा अर्थ असा की दांड्याचे लाकूड पाहून अवजार कुठल्या मुलखात वापरले गेले याचा अंदाज बांधता येतो. धामणीचा दांडा डोंगराकडे बोट दाखवतो, बाभळीचा काळ्या जमिनीकडे. शिसवीचा चकचकीत दांडा बोट दाखवतो ते फर्निचरच्या दुकानाकडे.

१६/
दुसरी चूक घडणावळीत. दांड्यासाठी लाकूड करवतीने कापण्यापेक्षा कुऱ्हाडीने उभे फोडून काढणे चांगले. मग त्याची रेषा टोकापासून टोकापर्यंत अखंड राहते. कापलेल्या लाकडात रेषा तिरपी सुटली की दांडा तिथेच मोडतो, आणि मोडलेल्या दांड्याचे पाते कुणाच्या अंगावर जाईल याचा नेम नाही. लाकूड सावलीत वाळवावे लागते. ओला दांडा आज घट्ट बसतो आणि वैशाखात खुळखुळतो. गाठ टाळायची, शक्य तर मधला गाभा टाळायचा. वाकसाने तासायचे, मग काचेच्या तुकड्याने खरवडायचे. तळहाताला घाम आला तरी पकड सुटू नये इतपत खडबडीतपणा ठेवायचा. वार्निश नेमके इथे घात करते. तेलाचा हात पुरे.

१७/
बसवण्याच्या रीतीही अवजारागणिक निराळ्या. कुदळ आणि टिकाव यांचा दांडा वरून ओवतात. त्याचे वरचे टोक जाड असते. जितके जोराने हाणाल तितके पाते त्या जाड टोकाकडे सरकून घट्ट होते, आणि पाचरीची गरज फारशी पडत नाही. जिथे दांडा खालून नेढ्यात घालतात, तिथे वरच्या टोकाला चीर देऊन पाचर ठोकतात. विळ्याखुरप्याची तऱ्हा तिसरीच : पात्याची निमुळती शेपटी लाल तापवून मुठीत घुसवायची, म्हणजे ती आपली जागा जाळून आपणच करून घेते. मूठ फुटू नये म्हणून तोंडाशी लोखंडी कडे. यांपैकी कोणतीही रीत पुस्तकात वाचून हाताला येत नाही. म्हाताऱ्या कारागिरासमोर बसावे लागते.

१८/
सैल झालेले अवजार रात्रभर पाण्यात टाकण्याची सवय घरोघरी आहे. लाकूड फुगते, दांडा घट्ट होतो, सकाळचे काम निभते. पण फुगताना नेढ्याच्या भिंतीवर लाकडाचे तंतू चिरडले जातात, आणि वाळल्यावर दांडा आधीपेक्षा अधिक सैल होतो. घाईच्या दिवसांपुरता तो उपाय, दुरुस्ती नव्हे.

१९/
तिसरी चूक इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत वाईट. गंज उतरवण्यासाठी पाते आम्लात बुडवतात किंवा विजेच्या चकतीवर धरतात. चकतीने धार तापून निळी पडली की लोहाराने दिलेले पाणी उतरते. पाते चकाकते, पण धरत नाही. आम्लाचे नुकसान तर डोळ्यांना दिसतही नाही. लोखंड गंजताना त्याला चिकटलेल्या लाकडाच्या तंतूंचा ठसा गंजात उतरतो, प्रसंगी लाकूड कुजून गेल्यावरही टिकतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्यावरून लाकडाचा प्रकार ओळखता येण्याची शक्यता असते. हा ठसा सापडतो नेढ्याच्या आत, म्हणजे ‘स्वच्छता’ करणारा जिथे सर्वांत जोराने घासतो तिथेच. बाहेरचा सुटा गंज रॉकेल आणि ब्रशने काढावा. जुन्या पात्याचे नेढे घासण्यापूर्वी आतले छायाचित्र घ्यावे, आणि पाते फार जुने वाटत असेल तर नेढ्याला हातच लावू नये.

२०/
आणि काढून टाकलेला जुना दांडा? तो चुलीत जातो. खरे तर माणूस तिथेच असतो. दांड्याच्या लांबीवरून वापरणाऱ्याच्या उंचीचा आणि कामाच्या पद्धतीचा अदमास येतो. झिजेची जागा सांगते की कोणता हात वर असे. निंदणाऱ्या बाईच्या खुरप्याची मूठ तिच्या तळव्याने एका बाजूने खोलगट होते; वऱ्हाडच्या कापूसशेतीत स्त्रियांनी किती निंदले याची कागदावर जेवढी नोंद आहे, तिच्याहून भरवशाची नोंद अशा मुठीत असते. इंग्रजी अमदानीतील अहवालांत खामगावच्या बाजारातल्या कापसाच्या गासड्या मोजलेल्या आढळतात. खुरपी कुणी मोजली?

२१/
येथे थोडा खुलासा हवा. गावगाड्याची आठवण काढली की तिचे गोडवे गायचे, असा या माध्यमावर रिवाज पडला आहे. बलुतेदारीत कसब जातीला बांधलेले होते. वाढयाच्या मुलाने वाढईच व्हायचे आणि मोबदला खळ्यावर, मालकाच्या मर्जीने. थोरल्या ओळीतल्या सुताराला मिळणारा मान आणि त्याच थोरल्या ओळीत गणल्या जाणाऱ्या महाराला मिळणारी वागणूक यांत जमीन-अस्मानाचे अंतर होते. त्या व्यवस्थेचे मोडणे आवश्यकच होते. हळहळ वाटावी ती एवढ्याचसाठी की व्यवस्था मोडताना तिच्यातील विद्याही बेवारस झाली; जातीबाहेरच्या कुणाला ती शिकण्याची सोय कुणी लावली नाही.

२२/
विद्या बेवारस होण्याची कारणे अनेक. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर १९०३ चा. लोखंडाने जमीन नासेल अशी शंका शेतकऱ्यांनी घेतल्याची कथा सर्वांना ठाऊक आहे आणि ती हसण्यावारी नेली जाते. पण त्या शंकेमागे आणखी एक साधा हिशेब असू शकतो, ज्याकडे कुणी पाहत नाही : लाकडी नांगर मोडला तर गावातला सुतार उभा करतो, ओतीव लोखंडाचा भाग तडकला तर काय करायचे? भारतीय शेतीची पाहणी करून १८९३ मध्ये अहवाल देणाऱ्या व्हेल्कर या इंग्रज शास्त्रज्ञाने देशी अवजारे येथील परिस्थितीला साजेशी असल्याचे नमूद केले होते. पुढे कारखान्यात बनलेली कुदळ-फावडी आली, ट्रकच्या कमानपट्ट्या कापून केलेले विळे आणि कुऱ्हाडी आल्या, ट्रॅक्टर आला. पोलाद उलट स्वस्त आणि चांगले मिळू लागले. महाग झाला तो दांडा.

२३/
कारण लाकूड कायद्याच्या कुंपणापलीकडे गेले. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला आणि काही दशकांत डोंगरांची वर्गवारी होऊन जंगल राखीव झाले. महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगल खात्यावर ओढलेला आसूड ओला आहे, जनावरांना चरायला जागा उरली नाही ही त्यांची तक्रार. चराईबरोबर दांड्याचे लाकूडही त्याच जंगलात अडकले. १९२७ चा भारतीय वन कायदा आजही लागू आहे. महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याने तर साग, खैर, तिवस असे वृक्ष खासगी जमिनीवरही परवानगीवाचून तोडता येत नाहीत.

२४/
१९९७ मध्ये अंबाबरवा अभयारण्य झाले. पुढे ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग बनले. वाघासाठी ते हवेच. सातपुड्याच्या या पट्ट्याला वनसंरक्षणाने वाचवले हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची जी व्याख्या केली, तीत मध, लाख, तेंदूपाने, बांबू, अगदी झाडोराही आहे. इमारती लाकूड वगळलेले आहे. मग हातभर लांबीचा धामणीचा दांडा कशात मोडतो? सागाच्या ओंडक्याच्या पंक्तीला त्याला बसवायचे, की निस्तार हक्काच्या? कोरकू कुटुंबाने कुऱ्हाडीला दांडा घातला तर तो चोरीचा माल ठरू शकतो, आणि शहरातल्या छंदिष्टाने दुकानातून पावतीसह आणलेली शिसवी ‘वारसा जतन’ ठरते. ‘गोतास काळ’ या म्हणीचा रोख यांपैकी कुणाकडे असावा?

२५/
सरकारी मदत आहे, पण ती दुसऱ्या टोकाला. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. त्यांत सुतार आहे, लोहार आहे आणि हातोडा व अवजारसंच बनवणाराही आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. चांगलेच आहे. मात्र त्यातून कारागिराच्या हाती नवा संच येतो. वडिलांच्या वाकसाला दांडा घालण्यासाठी जे लाकूड हवे, त्याची कुठे तरतूद नाही. वनविभागाच्या आगारांत धावडा, धामण, बाभूळ यांचे हातभर तुकडे कारागिरांसाठी रास्त दराने राखून ठेवणे ही काही अशक्य कोटीतली मागणी नव्हे. धुऱ्यांवर बाभूळ राखणे तर शेतकऱ्याच्याच हाती आहे. ट्रॅक्टर वळवायला अडचण होते म्हणून ती आज सर्रास काढली जाते.

२६/
नव्या दांड्याच्या बाजूने एवढे बोलल्यावर मर्यादाही सांगितली पाहिजे. उत्खननात मिळालेल्या पात्याला दांडा घालू नये. ज्या वस्तूचा धनी आणि प्रसंग इतिहासात नोंदलेला आहे, उदाहरणार्थ एखाद्या सत्याग्रहात जप्त झालेली कुऱ्हाड, तिलाही नाही. तिच्या बाबतीत मोडका दांडा हाच दस्तऐवज. आणि नवा दांडा चहाच्या पाण्यात रंगवून, धूर देऊन ‘शिवकालीन’ म्हणून विकणे ही सरळ लबाडी. दुर्दैवाने या माध्यमावर तिलाच सर्वाधिक पसंती मिळते. शिवकाळाचे नाव चिकटल्याशिवाय आपल्याला साधे खुरपेही आदरणीय वाटत नाही, हा दोष विकणाऱ्याइतकाच घेणाऱ्याचाही.

२७/
उरलेली हजारो अवजारे, जी माळ्यावर, गोठ्याच्या आढ्याला किंवा भंगाराच्या ढिगात आहेत, त्यांना दांडा मिळाला नाही तर ती किलोच्या भावाने वितळणार आहेत. त्यांच्यासाठी ‘हात लावू नका’ हे तत्त्व म्हणजे मृत्यूचा हुकूम. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाने अडकित्ते, दिवे, स्वयंपाकघरातील भांडी यांना एका माणसाच्या जिद्दीवर इतिहासात जागा मिळवून दिली. शेतकऱ्याच्या आणि वाढयाच्या अवजारांना तशी जागा मिळवून देण्याचे काम अजून बरेच बाकी आहे. ते जिल्ह्याच्या गावी, किंबहुना तालुक्याच्या गावी होणेच योग्य. संग्रामपूर तालुक्यातच पूर्णाकाठी भोन येथे मौर्य-सातवाहनकालीन स्तूपाचे अवशेष मिळाले आणि जिगाव प्रकल्पाच्या पाण्याखाली ते जाणार म्हणून इतिहासप्रेमींनी आवाज उठवला. स्तूपासाठी आवाज उठतो, हे योग्यच. विळ्यासाठी उठायला हरकत कोणती?

२८/
ज्यांच्या घरी असे एखादे पाते आहे, त्यांच्यासाठी नोंदीचा नमुना. एका वहीत एवढे लिहावे : पाते कोणते, वजन किती, नेढ्याचा आकार गोल की लांबट. धारेला वेगळे पोलाद जोडल्याची रेघ दिसते का. जुना दांडा कोणत्या लाकडाचा, लांबी किती, झीज कुठे. तो जपून ठेवावा, सुतळीने चिठ्ठी बांधून. अवजार घरात कुणी वापरले, पुरुषाने की बाईने, कोणत्या कामाला, आणि घरात त्याला कोणते नाव होते. वऱ्हाडीत असेल तर वऱ्हाडीतच लिहावे, प्रमाण मराठीत सुधारून नव्हे.

२९/
मग नवा दांडा. लाकूड कोणते, कुठून आणले, कोणत्या महिन्यात कापले. बसवला कुणी, किती मजुरी घेतली. दांड्याच्या बुडाशी सालाचा आकडा कोरून ठेवावा, म्हणजे पन्नास वर्षांनी कुणाची फसगत होणार नाही. खांडेनवमीला हे अवजार धुऊन, हळदकुंकू आणि झेंडूचे फूल वाहून पुजले जाईल. दुसऱ्या दिवशी त्याने लाकूड फोडावे. फोडता फोडता हा दांडाही कधीतरी मोडेल, तेव्हा वहीतले पुढचे पान कोरे असावे.